खोली सतरा, तक्रार बंद

शाळा तीस वर्षांची आहे,
म्हणजे कागदावर.
जिनं बांधली तीच कंपनी तीस वर्षं चालवणार,
भिंती, पाणी, दिवे, घंटा, गारवा, सगळं तिचं.
सरकारनं मुलं आणि मास्तर तेवढे द्यायचे.
जहराच्या पुढे, जिथे रस्ता वाळवंटाला सोडून देतो,
तिथे उभी आहे. पिस्ता रंगाची.
माझा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत.

बिल्ल्यावर मी बारकार.
दाभोळच्या परकारांचा प इथल्या लिपीत नाही,
ब वर भागवतात.
करारातही तसं कलम आहे म्हणे:
मूळ वस्तू न मिळाल्यास समतुल्य पर्याय चालेल.

वर्गात चोवीस अंश. वर गेलं की तासामागे कपात.
नळ गळला तर दोन तासांत,
काच फुटली तर चार,
आणि बाकावर कुणी काही लिहिलं
तर उद्याच्या घंटेच्या आत पुसलेलं हवं.
मुलांशी बोलायचं नाही,
हे कुठेच लिहिलेलं नाही,
शिबू कुरियननं पहिल्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं.

मे महिना. खोली सतरा, खिडकीजवळचा शेवटचा बाक.
निळ्या मार्करनं तीन शब्द.

मला अक्षरं येतात.
मोहल्ल्यातल्या मकतबात, छडीच्या धाकानं आली,
पण ती जेर-जबर लावलेली,
बोट धरून चालवणारी.
ही उघडी होती.
मीम, काफ, ये, फे...
रिकाम्या वर्गात मोठ्यानं वाचून पाहिलं,
तीनदा वाचलं, तीन उच्चार निघाले.
दुसरा शब्द आपल्या खराबाच्या घरातला वाटला.

तरीही फडका ओला केला.
आधीचा फोटो, नंतरचा फोटो,
टॅबवर चढवले.
विद्रूपीकरण, खोली सतरा: बंद.
हिरवी खूण आली.

गेटवर इद्रीस बसतो,
ओम्दुरमानला भूगोल शिकवायचा, आता गाड्यांचे नंबर लिहितो.
त्याला आधीचा फोटो दाखवला.
त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं,
म्हणाला, "एसी बिघडलाय. तिसरा दिवस."
आणि फोन परत दिला.

म्हणजे तक्रार होती.
मी ती डाग म्हणून पुसली.

टॅब म्हणतो, खोली सतरा, तेवीस पूर्णांक आठ.
सेन्सर दाराजवळ आहे.
बाक खिडकीजवळ, खिडकी पूर्वेची,
सकाळी सातपासून ऊन त्या पोराच्या मानेवर.
मधे नऊ पावलं. मी मोजली.
नऊ पावलांचं कलम नाही.

तक्रार शाळेच्या लॉगिनमधून यावी लागते,
तिला नंबर पडतो, मग ती तक्रार होते.
बाकाला लॉगिन नाही.
मला आहे, पण ते फक्त बंद करण्याचं.

ऑर्डरशिवाय शिडी देत नाहीत.
बाकावर बाक चढवला, वर मी,
बेचाळीस वर्षांचा, गुडघा दुखरा,
मनात एकच हिशेब, इथून पडलो तर कुठल्या रकान्यात पडेन.
जाळी उघडली.
झडप धुळीनं अर्धी मिटलेली,
आणि तिच्या फटीत एक कागदी विमान,
उतरायची जागा चुकलेलं,
गणिताच्या वहीचं.
काढलं. झडप बोटांनी मोकळी केली.
वारा सरळ तोंडावर आला, धुळीसकट.
याची नोंद कुठे करतात मला माहीत नाही.

सोमवारी बाक कोरा.
मंगळवारी कोरा.
मी सगळे वर्ग सोडून आधी तिथेच जायचो,
काय बघायला, ते विचारू नका.

पुढच्या रविवारी पुन्हा निळा मार्कर.
फोटो घेऊन धावत गेटवर.
इद्रीस या वेळी पोट धरून हसला.
फुटबॉल, म्हणाला,
कुठल्याशा क्लबाला घातलेली शिवी आहे,
आणि त्यातही शुद्धलेखन चुकलंय.

परत आलो. फडका ओला केला.
घंटेला पाच मिनिटं होती.
त्यातली चार
राहू दिलं.